नामाची मिरास

नाम आणि नामी यांचा संबंध कोणत्या प्रकारचा आहे, या प्रश्नाचा खल आपल्याकडील दार्शनिकांनी शतकानुशतके इतक्या निष्ठेने केला आहे, आणि मीमांसक, नैयायिक, बौद्ध व वैयाकरण यांनी त्यावर परस्परांची इतकी कठोर खंडने केली आहेत, की त्यात आता नवे काही उरले असेल असे सहसा कोणास वाटणार नाही. तथापि त्या सर्व वादात एक उपप्रश्न कोणी फारसा उपस्थित केला नव्हता, कारण तो उपस्थित व्हावा अशी परिस्थितीच जगात नव्हती. आणि तो उपप्रश्न असा की, नामाला धनी असू शकतो काय? घराला धनी असतो, गाईला असतो, देवस्थानच्या इनाम जमिनीलाही कोणी ना कोणी वहिवाटदार असतोच. पण ‘आवाज’ या शब्दाला धनी कोण? २०१९ साली अमेरिकेत आवाज या अर्थाचा ‘व्हॉइस’ हा शब्द, मागे ‘डॉट कॉम’ हे शेपूट लावून, तीन कोटी डॉलरांना विकला गेला. विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी नावाची कंपनी, घेणारी ब्लॉक डॉट वन. या व्यवहारात कोणाचा आवाज कोणाकडे गेला नाही, शब्दकोशातून तो शब्द कमी झाला नाही, आणि इंग्रजी बोलणाऱ्या कोणाही मनुष्यास दुसऱ्या दिवशी तो उच्चारण्यास परवानगी घ्यावी लागली नाही. एका नोंदवहीत एका शब्दापुढे एका कंपनीचे नाव होते, ते खोडून दुसरीचे लिहिले गेले, एवढेच घडले. मग तीन कोटी डॉलर दिले ते कशाचे?

ज्याला डोमेन नाव म्हणतात ते मुळात केवळ सोयीसाठी जन्मास आले. जाळ्यावरची यंत्रे एकमेकांस अंकांनी ओळखतात. मनुष्याची स्मरणशक्ती मात्र अंकांहून शब्दांवर अधिक लोभ करते, म्हणून त्या अंकांस नावे चिकटविण्यात आली. प्रारंभी ही सारी यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या दफ्तरात, एका फायलीत मावत असे आणि एलिझाबेथ फाइन्लर या विदुषींच्या देखरेखीखाली तिची निगा राखली जाई. पुढे यंत्रे वाढली, एका कचेरीस ती नोंद आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी एका यादीच्या जागी उतरंडीची व्यवस्था रचली, की ज्यात प्रत्येक पायरीवरच्या कारभाऱ्याने आपल्या खालच्या नावांपुरता हिशेब ठेवावा. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक बनविणाऱ्या कंपनीने डॉट कॉम या शाखेतील पहिले नाव नोंदविले. पुढे तिचे वैभव ओसरले. नाव मात्र उरले, आणि २००९ मध्ये ते एका गुंतवणूकदाराने विकत घेतले. १९९५ च्या सप्टेंबरपर्यंत नाव मागावे आणि ते फुकट मिळावे असा शिरस्ता होता. त्यानंतर दोन वर्षांस शंभर डॉलर असा दर बसला, आणि ज्या क्षणी दर बसला त्या क्षणापासून नावाच्या ठायी किंमत आहे असे लोकांस दिसू लागले.

या उतरंडीत एक बाब अशी आहे की ती एखाद्या उपनिषत्काराने सांगितली असती तरी नवल वाटले नसते. आपण जे नाव लिहितो ते वस्तुतः ‘कॉम’वर संपत नाही. त्याच्या अखेरीस आणखी एक बिंदू असतो, जो सहसा कोणी लिहीत नाही, आणि त्या बिंदूच्या पलीकडे सर्व नावांचे मूळ असते. त्या मुळाला मात्र नाव नाही. म्हणजे त्याच्यासाठी जागा आहे, पण त्या जागेत अक्षर एकही नाही, आणि त्याची लांबी शास्त्रोक्त रीतीने शून्य अशी नमूद केलेली आहे. जगातील कोणतेही नाव शोधावयाचे असेल तर शोधाचा आरंभ तात्त्विकदृष्ट्या या अनाम मुळापासून होतो. तेथून ‘कॉम’कडे, ‘कॉम’कडून विशिष्ट नावाकडे, असा तो उतरत जातो. यंत्रज्ञांनी ही योजना ब्रह्मजिज्ञासेने केली नाही. मोजणी कोठे तरी संपली आहे हे यंत्रास कळावे लागते, आणि ते कळविण्यास शून्याहून स्वस्त खूण नाही, इतकाच त्यांचा विचार होता. परंतु सोयीपोटी केलेल्या गोष्टीतून कधी कधी असे सत्य हाती लागते, की ज्यासाठी इतरांनी तपश्चर्या केलेली असते. आणि या अनाम मुळाची बोली आजवर कोणी लावलेली नाही, ही बाजाराचीही एक प्रकारची नम्रताच म्हणावी.

आता लौकिक नाम आणि हे नोंदवहीतील नाम यांतील मुख्य भेद पाहू. लौकिक नाम वाटल्याने कमी होत नाही. एका गावात चार पांडुरंग असतात, पैकी एकाला मळ्यातला व दुसऱ्याला वेशीजवळचा म्हणून ओळखतात, आणि चौघांपैकी कोणाच्याही पांडुरंगपणास त्यामुळे उणेपणा येत नाही. देवांची गोष्ट तर याहून उदार आहे. विष्णुसहस्रनाम उघडून पाहावे, तर त्यात ‘शिव’ आणि ‘रुद्र’ ही नावे विष्णूचीच म्हणून निःसंकोचपणे घातलेली आढळतील, आणि या अतिक्रमणाबद्दल कैलासावरून आजतागायत फिर्याद दाखल झाल्याचे ऐकिवात नाही. नोंदवहीला हे औदार्य परवडत नाही. तेथे एका नावाचा एकच धारक. दुसरा पांडुरंग आला तर त्याने नावापुढे अंक लावावा, आडवी रेघ घालावी किंवा दुसरी शाखा धरावी. माझ्या मते सगळा विनोद आणि सगळा व्यापार येथून उद्भवतो. जी गोष्ट स्वभावतः अक्षय आहे तिच्याभोवती आपण एक अशी वही उभारली की जिच्यात ती दुर्मिळ ठरावी, आणि मग त्या दुर्मिळतेचा भाव चढला तेव्हा तो नामाचाच भाव आहे अशी आपली समजूत झाली. विकले जाते ते नाम नव्हे, त्या वहीतली एक ओळ. वेदान्त्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा अध्यास होय. एकाचा धर्म दुसऱ्यावर आरोपिलेला.

या अध्यासाचा सर्वांत दीर्घ खटला निसान या नावाचा. उझी निसान या नॉर्थ कॅरोलायनातील व्यावसायिकाने १९९४ मध्ये आपल्या आडनावाचे डॉट कॉम नाव नोंदविले. आडनाव त्यांचे स्वतःचे, वडिलोपार्जित. संगणकाचा व्यवसायही त्यांचा स्वतःचा. १९९९ मध्ये त्याच नावाच्या जपानी मोटार कंपनीने त्यांच्यावर एक कोटी डॉलरांचा दावा ठोकला, आणि तो तंटा वर्षानुवर्षे चालला. नाव अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. २०२० मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. दोघांचेही म्हणणे खरे होते, ही या खटल्यातील खरी अडचण. लोकव्यवहारात दोन निसान सुखाने नांदत होते. त्यांना एकमेकांचे अस्तित्व जाणवले ते नोंदवहीने दोघांना एकाच ओळीवर आणून उभे केल्यावर.

अशा तंट्यांच्या निवाड्यासाठी १९९९ मध्ये एक लवादपद्धती निघाली, आणि जिनीव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे २००० साली ‘स्टिंग’ व ‘मॅडोना’ या दोन गायक-गायिकांचे अर्ज आले. स्टिंग महाशय हरले. निवाडा असा की, हा शब्द इंग्रजीतील सर्वसामान्य शब्द आहे, त्यावर एकट्याचा हक्क पोहोचत नाही. मॅडोनाबाई जिंकल्या. ते त्यांचे जन्मनामच होते, ही गोष्ट त्यांच्या बाजूची खरी. परंतु ज्या मातेवरून ते नाव जगात रूढ झाले, त्या येशूच्या मातेस कोणी पक्षकार केले नव्हते. प्रतिपक्षाने मात्र मध्यंतरी ते नाव नेब्रास्का राज्यातील त्याच पवित्र नावाच्या एका रुग्णालयास देऊ केले होते. दाव्यात आलेली वस्तू धर्मकार्यास अर्पण करून मोकळे होण्याची युक्ती आपल्या मुलखातील जुन्या तंटेखोरांनाही अपरिचित नव्हती.

धनीपणाची चिकित्सा करावयाची तर पेशवाईतील जमीनधाऱ्याची परिभाषा येथे जितकी उपयोगी पडते तितकी दुसरी कोणतीही पडत नाही. त्या काळी कुळांचे ठळक प्रकार दोन: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. तो दुष्काळात परगंदा झाला, गाव सोडून गेला, तरी पुढे परत येऊन थकलेला सारा भरून आपली जमीन मागू शके, आणि गावही त्याचे म्हणणे मानी. उपरी हा बाहेरून आलेला. त्याच्याशी मुदतीचा कौल व्हायचा, मुदत सरली की हक्क सरला. डोमेन नाव घेणारा प्रत्येक मनुष्य, मग त्याने तीन कोटी मोजलेले असोत की आठशे रुपये, या व्यवस्थेत उपरीच असतो. दहा वर्षांहून अधिक मुदतीचा कौल डॉट कॉमच्या दफ्तरात कोणालाच मिळत नाही. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत तर नावाला प्रथम काही दिवसांची सवलत मिळते. ती संपल्यावर तीस दिवसांचा काळ येतो, ज्यात दंड भरून नाव सोडविता येते. त्यानंतर पाच दिवस असे की ज्यात नाव ना पूर्वधारकाचे, ना कोणाचेच. गरुडपुराणाच्या वाचकास या अंतराळातील प्रवासाची थोडीफार कल्पना येईल. पाचवा दिवस मावळला की नाव पुन्हा जन्मास येते, आणि ते पहिल्या श्वासालाच पकडण्यासाठी टपून बसलेली यंत्रे हा या धंद्यातला एक स्वतंत्र व किफायतशीर विभाग आहे.

थोरामोठ्यांची गत यात निराळी होत नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाची मुदत भरणा न केल्यामुळे संपली, आणि हॉटमेल वापरणाऱ्या कित्येकांची दारे बंद झाली. अखेर टेनेसीतील एका परक्या संगणककाराने स्वतःच्या खिशातून पस्तीस डॉलर भरले, तेव्हा ती उघडली. जगातील सर्वांत श्रीमंत मानल्या जाणाऱ्या कंपनीचा सारा एका परोपकारी रयतेने भरावा, असा हा प्रसंग आहे.

उपऱ्याला मिरासदार म्हणावे की नाही, याविषयी खुद्द न्यायालयांतच एकवाक्यता नाही. एप्रिल २००० मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की, ऋणकोची डोमेन नावे धनकोस जप्त करता येतील काय. आणि न्यायालयाने सांगितले की नाही, कारण ही मालमत्ताच नव्हे, हा सेवेचा करार आहे. तीन वर्षांनी, २००३ मध्ये, कॅलिफोर्नियातील एका प्रकरणात संघीय अपील न्यायालयाने नेमके उलट सांगितले. ते प्रकरण ज्या नावाचे होते ते या निबंधाच्या वाचकांसमोर उच्चारण्याचा माझा विचार नाही. तीन अक्षरांचा तो इंग्रजी शब्द आहे आणि त्याची बाजारात सदैव मागणी असते, इतके पुरे. गॅरी क्रेमेन नावाच्या गृहस्थाने १९९४ मध्ये ते फुकट नोंदविले, आणि पुढील वर्षी स्टीफन कोहेन नावाच्या दुसऱ्याने नोंदणी कंपनीस एक बनावट पत्र पाठवून ते आपल्या नावे करून घेतले. पत्रात मूळ धारकाच्या कंपनीच्या वतीने कोहेनला असे लिहिलेले होते की, आमच्यापाशी इंटरनेटची थेट जोडणी नसल्यामुळे आमचा निरोप आपणच आमच्या वतीने नोंदणी कंपनीस कळवावा. इंटरनेटवरील नावाचा व्यवसाय करणाऱ्यापाशी इंटरनेट नसावे, ही गोष्ट दफ्तरातील कोणत्याही कारकुनास खटकली नाही. रुजुवात झाली नाही, आणि फेरफार मंजूर झाला. न्यायालयाने पुढे नाव मूळ धारकास परत देवविले व साडेसहा कोटी डॉलरांची भरपाईही ठरविली, पण तोवर आरोपी मेक्सिकोत पसार झाला होता. नोंदणी कंपनीविरुद्धच्या अपिलात न्यायाधीशांनी निर्वाळा दिला की, नाव हे चोरीस जाऊ शकते, त्या अर्थी ते मालमत्ता आहे. हा युक्तिवाद मला विलक्षण वाटतो. धनीपणाचा सर्वांत बळकट पुरावा कोणता, तर चोर.

जॉन पोस्टेल यांना हे पटले नसते. नावांची ही वही वर्षानुवर्षे ज्यांच्या देखरेखीखाली राहिली, ते दाढीधारी, साधेपणाने राहणारे संशोधक १९९४ च्या मार्चमध्ये लिहिलेल्या एका टिपणात सांगून गेले होते की, या नावांविषयी हक्काची व मालकीची भाषा अनुचित आहे. भाषा करावयाची तर जबाबदारीची आणि समाजाच्या सेवेची करावी. म्हणजे धारक हा विश्वस्त. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, पोस्टेल वारले. त्याच सुमारास वहीचा कारभार आयकॅन या नव्या संस्थेकडे गेला. आणि त्या टिपणातील भाषा ज्या वेगाने विस्मृतीत गेली तो पाहता तिचा आदर करणारे फारसे कोणी उरले नसावे असे वाटते.

येथवर मी नाम हे केवळ संकेत आहे असे धरून चाललो, आणि नैयायिकांस ते मान्य व्हावे. शब्दापासून अमुक अर्थ समजावा ही इच्छा, प्राचीनांच्या मते ईश्वराची आणि नव्यांच्या मते कोणाचीही, हाच त्यांच्या मते संबंध. बौद्धांस तर अधिकच मान्य व्हावे. मिलिंद राजास रथाचे एकेक अंग दाखवून, यात रथ कोठे आहे असे नागसेनाने विचारले, तसे डॉट कॉमचेही एकेक अंग दाखविता येईल. परंतु मीमांसकांचा पक्ष इतक्या सहज मोडत नाही. शब्दार्थसंबंध नित्य आहे, व्यक्ती नष्ट झाली म्हणून शब्द नष्ट होत नाही, असे ते म्हणतात. आणि नोंदवही त्यांच्या बाजूने एक साक्षीदार उभा करते. १९ सप्टेंबर १९९० रोजी सोव्हिएत संघास ‘डॉट एसयू’ ही शाखा मिळाली. पंधरा महिन्यांत तो संघ विसर्जित झाला, झेंडा उतरला, नकाशे बदलले. शाखा आजही चालू आहे आणि तीत नवी नावेही नोंदविली जातात. युगोस्लाव्हियाची शाखा २०१० मध्ये बंद झाली, ती देश नाहीसा झाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी. नामी गेला आणि नाम व्यवहारात राहिले, याला संकेतवादी काय उत्तर देतील? ते म्हणतील, वापरणारे आहेत तोवर संकेत आहे. मीमांसकही थोड्या निराळ्या शब्दांत हेच म्हणतात, की शब्दाचे प्रामाण्य वृद्धव्यवहारात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरात आहे. दोघांच्याही मते नाव वापरणाऱ्या समुदायाचे ठरते, नोंदविणाऱ्याचे नव्हे. आणि हा वाद एवढ्या एका मुद्द्यावर तरी मिटतो असे मी समजतो.

तुवालूची गोष्ट याहून मनास लागणारी आहे. प्रशांत महासागरातील नऊ लहान बेटांचे, दहा-अकरा हजार वस्तीचे हे राष्ट्र. समुद्रसपाटीपासून त्याची सर्वोच्च भूमी पाच मीटरही उंच नाही. देशांच्या संक्षेपांची आंतरराष्ट्रीय यादी झाली तेव्हा त्यांच्या वाट्यास ‘टीव्ही’ ही अक्षरे आली, हा निव्वळ योगायोग. दूरचित्रवाणीच्या व्यापाऱ्यांना ती हवीशी वाटली, आणि २००० च्या सुमारास पाच कोटी डॉलरांचा करार झाला. त्याच वर्षी, त्याच पैशातील काही खर्चून, तुवालू संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. आता समुद्र चढतो आहे, आणि २०२३ मध्ये या राष्ट्राने आपल्या राज्यघटनेत असे लिहून ठेवले की, भूमी राहो वा न राहो, राष्ट्र शाश्वत आहे. नामरूपांपैकी रूप पाण्याखाली जाणार हे गृहीत धरून नामाची तरतूद करणारे हे बहुधा पहिलेच राज्य असेल. त्या अक्षरांच्या भाड्यावर जगणाऱ्या त्या लोकांस, नाम मिथ्या आहे हे सांगण्यास मी जाणार नाही.

नावांच्या दलालांत विनोदबुद्धीचे लोक कमी असतात, पण नसतातच असे नाही. एप्रिल २००५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आसन्नमरण असता, फ्लोरिडातील संगणकविषयक ग्रंथांचे लेखक रॉजर्स कॅडनहेड यांनी पुढील पोप कोणते नाव धारण करील याचा अदमास बांधून सहा नावे नोंदवून ठेवली. त्यांत सोळावा बेनेडिक्ट होता. आणि १९ एप्रिल रोजी कार्डिनल रात्सिंगर यांनी तेच नाव घेतले. (सहांतील आणखी एक नाव, चौदावा लिओ, वीस वर्षांनी म्हणजे २०२५ मध्ये खरे ठरले, तेव्हा अनुमान-प्रमाणावरील त्यांचा अधिकार मानावाच लागतो.) जगभरचे वार्ताहर विचारू लागले, किती घेणार? गृहस्थ म्हणाले, एक अब्जाहून अधिक कॅथलिकांचा आणि माझ्या आजीचा रोष मला ओढवून घ्यावयाचा नाही. मग गमतीने त्यांनी आपल्या अटी जाहीर केल्या: व्हॅटिकनच्या अतिथिगृहात काही दिवसांचा मुक्काम, पोपची ती विशिष्ट टोपी, आणि मार्च १९८७ च्या तिसऱ्या आठवड्यात हातून जे काही घडले त्याबद्दल, चौकशी न करता, संपूर्ण पापक्षालन.

या शेवटच्या अटीत मार्मिकता ओतप्रोत आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात पवित्र वस्तूचा विक्रय हे स्वतंत्र पाप गणले आहे, आणि प्रेषितांस पैसे देऊन पवित्र आत्म्याचे सामर्थ्य विकत मागणाऱ्या सायमन नामक मांत्रिकावरून त्यास नावही पडले आहे. क्षमापत्रांच्या विक्रीवरून १५१७ मध्ये ल्यूथरने जो कलह मांडला त्याने पश्चिमेचा धर्म दुभंगला. कॅडनहेड यांनी ज्या वस्तूची किंमत म्हणून क्षमा मागितली ती वस्तू म्हणजे पोपचे स्वतःचे नाव होते. म्हणजे क्षमा विकावयाची तर पाप, आणि न विकावी तर नाव परहस्ते, असा तो शृंगापत्तीचा पेच होता. व्हॅटिकनने विद्वत्तेस साजेल असे मौन पाळले. अखेर कॅडनहेड यांनी ते नाव एका धर्मादाय संस्थेस देऊन टाकले. १९८७ च्या त्या आठवड्याचा हिशेब मात्र परलोकीच्या दफ्तरात प्रलंबित राहिला असावा.

कॅनडातील एका सतरा वर्षांच्या मुलाची कथा त्या मानाने बाळबोध आहे. माइक रो हे त्याचे खरे नाव. त्यापुढे ‘सॉफ्ट’ जोडून त्याने २००३ मध्ये डोमेन घेतले, आणि ते मोठ्याने उच्चारताच मायक्रोसॉफ्टच्या वकिलांचे कान टवकारले. त्यांनी दहा डॉलर देऊ केले, मुलाने दहा हजार मागितले, वृत्तपत्रे मुलाच्या बाजूने उभी राहिली, आणि खेळाचे यंत्र वगैरे भेटी घेऊन त्याने नाव सोडले. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९९ मध्ये ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ असा सामना झाला. एका स्वराच्या फरकाने ग्राहक चकतो असे ठरून दुसऱ्या नावास मनाई झाली. वेदपठणात एका स्वराच्या चुकीने वृत्राचा नाश झाला, ही कथा ज्यांना अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

याहून मौज पदच्छेदाची. डोमेन नावात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडता येत नाही. सारे एका श्वासात, संहितापाठासारखे. त्यामुळे तज्ज्ञांच्या विचारविनिमयासाठी निघालेल्या ‘एक्स्पर्ट्स एक्स्चेंज’ या प्रतिष्ठित संस्थेचे नाव सलग लिहिले असता वाचक भलत्याच ठिकाणी पद तोडू लागले आणि तेथे लिंगबदलाचे तज्ज्ञ भेटतात असे समजू लागले. संस्थेने पुढे मध्ये एक आडवी रेघ घातली. सभंग श्लेषाचे असे अस्सल उदाहरण आपल्या साहित्यशास्त्रकारांस मिळाले असते तर त्यांनी ते संकोचत का होईना, पण उद्‌धृत केले असते.

ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ ही शाखाही उपलब्ध आहे, आणि मराठी, कोकणी, हिंदी इत्यादी आठ भाषांची नावे तीत घेता येतात. पण यंत्राच्या उदरात देवनागरी जात नाही. तेथे ‘भारत’ या नावाचे ‘एक्स-एन’ ही दोन अक्षरे, दोन आडव्या रेघा आणि त्यापुढे ‘एच-२-बी-आर-जे-९-सी’ असे रूपांतर होते. तेच यंत्राचे खरे नाव, आपण वाचतो ती त्यावरची स्थूल काया. ज्या देशाच्या नावावरून सभागृहे गाजतात त्याचे सूक्ष्म शरीर हे असे आहे.

तमिळ देशी तिरुकोष्टियूर येथील एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. रामानुजाचार्यांना गुरूंनी अष्टाक्षरी मंत्र दिला आणि बजावले की तो कोणास सांगशील तर नरकात जाशील. आचार्य देवळाच्या गोपुरावर चढले आणि तो त्यांनी जमलेल्या लोकांस मोठ्याने ऐकविला, कारण इतके जीव तरत असतील तर एकट्याचा नरक त्यांना महाग वाटला नाही. आपल्या पंढरीच्या वाटेवरही नाम असेच उघड्यावर राहिले. ते घेण्यास ना अधिकार लागला, ना सनद, आणि घेणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून कोणाच्या वाट्यास ते कमी आले नाही. नोंदवहीच्या जगात या वृत्तीचे दर्शन विरळा, पण अगदीच अशक्य नाही. दोन माध्यमकंपन्या एक होणार हे ताडून दिल्लीतील एका तरुण संगणककाराने ‘जिओहॉटस्टार’ हे नाव आधीच घेऊन ठेवले होते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्याने त्याच्या मोबदल्यात परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. मागणी फेटाळली गेली. मग दुबईत राहणाऱ्या शाळकरी वयाच्या दोघा भावंडांनी त्याला मदत व्हावी म्हणून ते त्याच्याकडून विकत घेतले, आणि कंपनीस हवे असल्यास एक पैही न घेता देण्याची तयारी जाहीर केली. व्यापारी मंडळींनी त्या पोरांस भोळे म्हटले असेल. पोस्टेल यांनी म्हटले नसते.

आणि सानमय वेद यांस काय म्हणावे? मूळचे कच्छमधील मांडवीचे हे गृहस्थ, गूगलमध्ये पूर्वी नोकरीस होते. सप्टेंबर २०१५ मध्ये एका रात्री नावांच्या दुकानात सहज चाळता चाळता त्यांना ‘गूगल डॉट कॉम’ विक्रीस उपलब्ध असल्याचे दिसले. त्यांनी बारा डॉलर भरले आणि व्यवहार मंजूर झाला. सुमारे एक मिनिट ते त्या नावाचे धारक होते, मग यंत्रणेस शुद्ध आली आणि व्यवहार रद्द झाला. त्या मिनिटातली त्यांची धारणा आणि दहा वर्षांचा कौल घेणाऱ्याची धारणा यांत जातीचा भेद कोणता, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही. कंपनीने त्यांना बक्षीस म्हणून ६००६.१३ डॉलर देऊ केले. ही रक्कम अशासाठी की इंग्रजी अक्षरांच्या वळणाने पाहिले तर हे आकडे कंपनीचेच नाव लिहितात. वेद यांनी ती रक्कम धर्मादाय कार्यास देण्यास सांगितले, तेव्हा कंपनीने संतोषाने ती दुप्पट केली, आणि दुप्पट झाल्यावर अर्थातच त्या आकड्यांत कंपनीचे नाव वाचता येईनासे झाले.